टाइलवर मारलेला पंच

बावीस वर्षं मी चाकणच्या एका वर्कशॉपात ड्रिलिंग मशीनवर लोखंडाला भोकं पाडली. नुसत्या आवाजावरून सांगायचो, बीटची, म्हणजे भोक पाडणाऱ्या टोकाची, धार गेली. मग कॉम्प्युटरवर चालणारं मशीन आलं आणि आम्हा चौघांना गळ्यात हार घालून घरी पाठवलं. अठ्ठेचाळिसाव्या वर्षी कुठलीही कंपनी गेटच्या आत घेत नाही, हे मी सहा महिने वणवण करून शिकलो.

बायको पिंपळे सौदागरला एका सोसायटीत चार घरी स्वयंपाक करते. तिनंच डोकं चालवलं. "अहो, पडदे लावायला, आरसे लावायला या लोकांना माणूस मिळत नाही. तुमच्यासारखा ड्रिलवाला त्यांना कुठं सापडणार?" चारही घरी तिनं माझं एवढं कौतुक करून ठेवलं, की ऐकूनच मला घाम फुटला. पहिलं काम जमलं तर अख्ख्या बिल्डिंगची कामं मिळणार होती. फसलं तर तिची मान खाली. दुसरी वाट नव्हती, हे दोघांनाही माहीत होतं.

मी तयारी केली राव, खोटं नाही सांगत. पिंपरीत हार्डवेअरच्या दुकानात तासभर उभा राहिलो. साध्या लोखंडाला साधं बीट, स्टीलला कोबाल्टचं, स्पीड कमी आणि तेल भरपूर, हे मला झोपेतून उठवून विचारा. पण भिंतीचं शास्त्र वेगळं. काँक्रीटला कार्बाइडच्या टोकाचं बीट आणि हॅमर, म्हणजे ड्रिलचं ठोके मारायचं बटण, चालू. टाइलला भाल्यासारख्या टोकाचं बीट, हॅमर एकदम बंद, वरून थोडं थोडं पाणी. बीट सरकू नये म्हणून आधी चिकटपट्टी लावायची. दुकानदार सांगत गेला आणि मी पाढ्यासारखं पाठ केलं.

पहिलं काम बाथरूममधल्या आरशाचं निघालं. हॅमर बंद आहे ना, दोनदा बघितलं. भाल्याचं बीट आवळलं, पट्टी चिकटवली, पेन्सिलीनं फुली मारली. मॅडम दारात उभ्या. पलीकडे किचनमध्ये बायको पोळ्या लाटत होती. लाटण्याचा आवाज थांबला, म्हणजे तीही कान देऊन होती.

आणि मी काय केलं? पिशवीतून टोकदार पोलादी पंच काढला, फुलीवर धरला आणि हातोडीचा टोला दिला.

लोखंडाला भोक पाडायच्या आधी पंच मारून खळगा करतात, म्हणजे बीट जागेवर बसतं. बावीस वर्षांत पंच मारल्याशिवाय मी एक भोक पाडलं नव्हतं. च्यायला, हातानं मला विचारलंसुद्धा नाही! टाइल कडकन वाजली आणि या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत तडा गेला.

"राहू द्या काका," मॅडम म्हणाल्या. "आम्ही अ‍ॅपवरून कुणाला तरी बोलावतो." त्यांनी शिव्या घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं. बायको पीठ लागलेल्या हातांनी आली, झाडू घेतला आणि खाली पडलेले कपचे गोळा करायला लागली. माझ्याकडे तिनं बघितलं नाही.

बसमध्ये तिनं एवढंच विचारलं, "बीट चुकलं का?"

"नाही. बीट बरोबर होतं."

बाकीच्या तीन घरांतून बोलावणं आलंच नाही. आता मी भोसरीत एका कंपनीच्या गेटवर सिक्युरिटीला आहे. आतून ड्रिलचा आवाज येतो. धार गेली की अजूनही कळतं, पण सांगणार कुणाला?

गेल्या आठवड्यात ड्यूटीवरून घरी आलो, तर ओट्याच्या वर पाण्याचा नवा फिल्टर लावलेला. ओट्यामागे आमच्याही टाइलच आहेत.

"कुणी लावला?"

"शेजारच्यांकडे इलेक्ट्रिशियन आला होता. म्हटलं, तुम्ही दमून येता." ती भाजी चिरत होती, मान वर केली नाही.

मी जवळ जाऊन बघितलं. भोकं सरळ होती, टाइलला कुठं चरासुद्धा नव्हता. "चांगलं लावलंय," मी म्हणालो. माझी ड्रिलची पिशवी तिथंच समोर, कॉटखाली पडलेली होती.