रामदासरावांचे दोन फूट

सकाळचे साडेसात. शैला इंडक्शनवर पोहे परतत होती आणि रामदासराव तांबड्या पट्टीच्या अलीकडे उभे राहून दुसऱ्या कपाचा चहा मागत होते. अलीकडे म्हणजे स्वयंपाकघराच्या बाहेर. पट्टीच्या पलीकडे पाऊल टाकायला घरच्या कर्त्या माणसाला तीन महिने मज्जाव होता.

पट्टी मुलाने, प्रज्ञेशने चिकटवलेली. रामदासरावांच्या छातीत डाव्या खांद्याखाली पेसमेकर बसला, आणि खराडीच्या आयटी कंपनीत असलेल्या प्रज्ञेशने सलग दोन रविवार इंटरनेट वाचून काढलं. विजेच्या काही यंत्रांच्या अगदी जवळ गेलं तर त्यांच्या चुंबकीय क्षेत्रामुळे पेसमेकर गोंधळू शकतो, एवढं त्यातलं खरं. बाकीची भर प्रज्ञेशची. फ्रिज, मिक्सर, वॉशिंग मशीन, सगळ्यांपुढे पट्ट्या आल्या आणि विश्रांतवाडीतला तो दोन खोल्यांचा फ्लॅट लंगडीचं मैदान दिसू लागला. दाराची बेलही त्याने काढून टाकली आणि तिथे कागद डकवला: ‘बेल नाही. आत पेसमेकर आहे. कडी वाजवावी. एकदाच.’

कडी वाजली. तीनदा.

“नागोराव आले,” पेपर घेऊन आतल्या खोलीकडे वळत रामदासराव म्हणाले. “त्यांना वाचता येतं, पण लिहिलेलं आपल्यालाही लागू आहे हे पटत नाही.”

नागोराव सोसायटीचे सेक्रेटरी. एसटीच्या कार्यालयातून निवृत्त झाले, तरी बोलणं अजून अर्ज दिल्यासारखं. हातात रिकामी बादली होती.

“वहिनी, सहज आलो. रामदासरावांची तब्येत कशी आहे?”

“तब्येत विचारायला बादली घेऊन?”

नागोराव ओशाळले. “पंपाची मोटर बंद पडलीय. टाकी कोरडी. इलेक्ट्रिशियन म्हणतो, चारला येतो. म्हटलं, यांना नुसतं विचारावं. हात लावायचा नाही. नुसतं विचारावं.”

आतल्या खोलीत पेपरची घडी झाल्याचा आवाज शैलाला ऐकू आला. या माणसाने तीन महिन्यांत पेपर इतक्या चटकन खाली ठेवला नव्हता.

रामदासरावांनी चाळीस वर्षं जळक्या मोटरींच्या तारा पुन्हा गुंडाळल्या. शनिवार पेठेत दहा बाय आठचं दुकान. बुद्धविहारातल्या कुलरपासून लोणी काळभोरच्या बागायतदारांच्या पंपांपर्यंत सगळं तिथे यायचं. त्यांची तपासायची रीत ठरलेली. मोटर चालू करायची, लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक तिच्या अंगाला टेकवायचं, मूठ कानाला लावायची, मग छातीने तिच्यावर रेलून डोळे मिटायचे. शैला डबा घेऊन जायची तेव्हा म्हणायची, “एवढं जवळ दुसऱ्या कुणाला घेतलेलं नाही हो पाहिलं मी.”

अशाच एका मोटरीवर रेललेले असताना ते कोसळले. ठोके मिनिटाला छत्तीसवर आले होते. मोटरीच्या घरघरीत शेजारच्या बुक-बाइंडिंगवाल्याला पाव तास काही कळलं नाही. त्या पाव तासाचा हिशेब शैलाच्या मनात अजून सुटलेला नव्हता. दुकानाची किल्ली तेव्हापासून तिच्या पर्समध्ये होती.

“आवाज कसा येतोय?” रामदासरावांनी विचारलं.

“मोटरीसारखा.”

“तो मला माहीत आहे. करून दाखवा.”

नागोरावांनी इकडेतिकडे पाहिलं, बादली छातीशी धरली आणि घसा ताणून काढला, “हूंऽऽऽ.”

“मोटर आहे की म्हैस?”

दात घासत प्रज्ञेश बाहेर आला. “काका, पप्पांना टेन्शन देऊ नका ना. मोटर म्हणजे स्ट्राँग फील्ड.”

“बंद मोटरीला कसलं फील्ड रे? वीज काढली की नुसतं लोखंड. उशाला घेऊन झोपेन मी.”

“पप्पा, प्लीज! डॉक्टरांनीच सांगितलंय, मोटरीपासून लांब. आईने स्वतः ऐकलंय.”

सगळ्यांनी शैलाकडे पाहिलं. पोहे खाली लागायला लागले होते.

ऐकलं होतं तिने. डॉक्टर तरुण मुलगी होती, पण बोलणं स्पष्ट. “चालू मोटरीपासून दोन फूट लांब. छातीला टेकवायची नाही. बंद असेल तर खुशाल उघडू द्या. आठवड्याभराने कामावर जाऊ द्या त्यांना.” रामदासराव तेव्हा पडद्यामागे सदऱ्याची बटणं लावत होते. घरी पोचेपर्यंत त्या वाक्यातले दोन फूट शैलाने गिळून टाकले, आणि प्रज्ञेशच्या हाती आलं ते नुसतं ‘मोटरीपासून लांब’.

तिने शेगडी बंद केली. “मी बघते जाऊन. तुमचा तो स्क्रूड्रायव्हर कुठे आहे?”

“टीव्हीच्या मागे,” रामदासराव म्हणाले. फारच पटकन म्हणाले.

वरात खाली पार्किंगमध्ये गेली. प्रज्ञेशने वडिलांना जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर उभं केलं. नागोरावांनी बटण दाबलं. शैलाने टोक मोटरीला टेकवलं, मूठ कानाला लावली आणि तिचेही डोळे आपोआप मिटले.

“काय म्हणतेय?” पायरीवरून प्रश्न आला.

“घुमतेय. फिरत मात्र नाही.”

“खरखर?”

“अजिबात नाही.”

“मग बेअरिंग शाबूत आहे, नुसती जाम झालीय. नागोराव, लगेच बंद करा. प्रज्ञेश, मेन स्विच पाड, फ्यूज काढ आणि खिशात ठेव.”

फ्यूज खिशात गेला. मोटर गप्प झाली. रामदासराव तरीही पायरीवरच. मुलाकडे नाही, बायकोकडे बघत होते.

“दोन फूट,” शैला म्हणाली.

“काय?” प्रज्ञेशने विचारलं.

“डॉक्टर दोन फूट म्हणाल्या होत्या. तेही चालू मोटरीपासून. बंद मोटर उघडायला हरकत नाही म्हणाल्या. कामावर जाऊ द्या म्हणाल्या.”

“आई! तीन महिने! मी बेल काढली!”

“बेल काढायला कुणी सांगितलं होतं? ती तुझी हुशारी.”

नागोरावांनी बादली हळूच खाली ठेवली.

रामदासराव खाली उतरले. “मला माहीत होतं. पडदा कापडाचा होता, भिंत नव्हती.”

शैला त्यांच्याकडे वळली. “मग बोलला का नाहीत?”

“तुझं घाबरून व्हायचं होतं अजून. झालं की सांगशील, म्हटलं.”

त्यांनी मागची जाळी उघडली, स्क्रूड्रायव्हर दांड्याच्या खाचेत बसवला आणि जोर लावला. एकदा नाही, दोनदा नाही. तिसऱ्यांदा आत काहीतरी कट्‌कन सुटलं आणि दांडा बोटांनी गरगर फिरू लागला. जाळी बसवून ते मागे सरले. दोन फूट पुरले असते. ते शैलाकडे बघत पुन्हा जिन्यापर्यंत गेले.

प्रज्ञेशने फ्यूज लावून मेन स्विच वर केला. नागोरावांचा हात बटणाकडे गेला.

“तुम्ही नको. ती दाबेल.”

शैलाने दाबलं. मोटर एकदम उठली, पाइप थरथरले आणि पाणी वर चढू लागलं. तिने पुन्हा मूठ कानाला लावली.

“आता?”

“आता सलग आहे. कुठेही अडत नाही.”

लांब उभ्या रामदासरावांची मान कान लावल्यासारखी कलली. नागोराव बादली उचलून वर पळाले, प्रज्ञेश त्यांच्यामागे बेलच्या वायरी शोधायला. मोटर चालूच होती, म्हणून रामदासराव जरा मोठ्याने बोलले.

“शैला, उद्या अकराला माझ्याबरोबर दुकानात चल. मोटरी मी उघडतो. चालू तू कर.”