दिवेलागणीचा होकार

मत्सर म्हणजे दातात अडकलेली बडीशेपेची काडी. दुखत काही नाही, पण जीभ दिवसभर तिथेच. माझ्या दातात ही काडी एका पौष महिन्यात अडकली. एकोणिसावं शतक तेव्हा संपत आलं होतं. आता वीसएक वर्षं झाली असतील, पण जीभ अजून अधूनमधून तिकडे जाते.

मी गिरगावातल्या एका छापखान्यात कारकून होतो. लग्नपत्रिका, सभांची हस्तपत्रकं, नाटकांच्या जाहिराती असं सगळं आम्ही छापत असू, पण छापखाना चालायचा तो पंचांगावर. हा धंदा मोठा लहरी. पाडव्याला पंचांगाची पूजा होते, आणि महिना उलटला की उरलेल्या प्रतींतून वाणी हिंगाच्या पुड्या बांधतो. जास्त छापलं तर असं व्हायचं. कमी छापलं तर गिऱ्हाईक दुसऱ्या छापखान्याचं पंचांग घेणार, आणि त्याचं तोंड आम्हाला थेट पुढच्या वर्षी दिसणार. म्हणून कागद मागवण्याआधी, दर पौषात, मालक एकच प्रश्न विचारायचे, "यंदा किती?"

आणि तो विचारायचे मला.

मी डोळे मिटायचो. तर्जनी नाकाच्या शेंड्यावर टेकवायचो. छपाईचं यंत्रसुद्धा थांबायचं. म्हणजे ते चालवणारा माणूस बघायला थांबायचा. चार खोल श्वास घेऊन मी आकडा सांगायचो. तीन वर्षं तो जमला. मालक मला 'ज्योतिषी' म्हणू लागले, आणि त्यांच्या मेजाशेजारचं, खिडकीतलं स्टूल माझं झालं. तिथून रस्त्यावरची घोड्यांची ट्राम दिसायची, वारा लागायचा, आणि मालकांच्या पानाच्या डब्यातला दुसरा विडा आपोआप माझ्याकडे यायचा.

चौथ्या वर्षी नाक चुकलं. उरलेल्या प्रतींचे गठ्ठे माळ्याला टेकले. एका दुपारी बायकोने वाण्याकडून आणलेली हिंगाची पुडी सोडली, कागद सपाट केला आणि माझ्या ताटाशेजारी ठेवला.

"तुमचा श्रावण आलाय," ती म्हणाली.

त्याच पावसाळ्यात प्रुफं वाचायला एक नवे गृहस्थ आले. पूर्वी परळच्या शाळेत शिकवायचे, म्हणून सगळे त्यांना मास्तर म्हणत. माझ्याच वयाचे, बारीक आवाजाचे. पत्र्याच्या डबीत टोक काढलेल्या तीन पेन्सिली. तीन! आमच्याकडे एक पेन्सिल चौघांत फिरायची. पौष आला, मालकांनी नेहमीचा प्रश्न विचारला, माझं बोट नाकाकडे निघालं, आणि मास्तर मागून म्हणाले,

"मालक, लोकांना कुणी विचारून पाहिलंय का?"

मालकांनी त्यांच्याकडे असं पाहिलं, जसं बापाने पहिल्यांदा बोललेल्या पोराकडे पाहावं. मग पानाचा डबा उघडला आणि दुसरा विडा मास्तरांना दिला. माझा विडा.

"असं करा," मालक म्हणाले. "तुम्ही दोघेही दहा दिवस फिरा. आपापला आकडा आणा. ज्याचा पटेल त्याच्यावर कागद मागवू. पुढच्या वर्षीही तोच आकडा सांगेल आणि तोच या स्टुलावर बसेल."

प्रुफं दुपारी निघायची, तेव्हा मास्तरांना सकाळ मोकळी. मी फिरायचो छापखाना सुटल्यावर. गिरगावच्या ज्या वाड्यांत माझी ओळख होती तिथेच गेलो. मला नकला येत. दारात उभं राहून आधी दक्षिणेवरून भांडणारे भटजी करून दाखवायचे, मग पोलिसातला शिपाई, आणि माणसं हसत असतानाच विचारायचं, "यंदा आमचं पंचांग घेणार ना?"

"घेणार की."

चाळीस घरं झाली. एकोणचाळीस होकार. चाळिसावे आजोबा बहिरे होते.

मास्तरांची तऱ्हा वेगळी. ते दर सातवं दार ठोठावायचे. आतून भांडण ऐकू येवो की कुत्रं भुंको, सातवं म्हणजे सातवं. गिरगाव झालं की परळ, मग लालबाग.

"लालबागेत पंचांग कोण वाचतो, मास्तर?" मी विचारलं.

"तेच माहीत नाही ना," ते म्हणाले. "मला आवडेल ते दार ठोठावलं तर मला आवडेल तेच उत्तर मिळेल."

हे वाक्य मालकांच्या कानावर गेलं. मालकांनी ते दिवसभरात तीन वेळा म्हटलं, एकदा तर माझ्याकडे बघून. घरी येऊन मी ते बायकोला सांगितलं, अर्थात मास्तरांची नक्कल करून. ती हसली नाही.

"माणूस हुशार आहे हो," एवढंच म्हणाली.

सातव्या संध्याकाळी घरी परतताना शेजारच्या काकू तुळशीला दिवा लावत होत्या. म्हटलं, एक्केचाळिसावं घर.

"काकू, यंदा पंचांग घेणार ना?"

"घेऊ हो."

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या नेहमीप्रमाणे आमच्या दारात आल्या. "संकष्टी कधी आहे, बघ रे जरा."

मी खुंटीवरचं पंचांग काढलं. "आता पाडव्यापासून तुमचंच असेल."

"माझं कशाला? तुमचं आहे ना."

"काल तर घेऊ म्हणालात."

काकूंनी मी वेडा असल्यासारखं माझ्याकडे पाहिलं. "अरे, दिवेलागणीला घरात कुणी नाही म्हणतं का? वास्तू तथास्तु म्हणते. एकदा नाही म्हटलं की घरात नाहीच येतं. तू तेव्हा हत्ती घेणार का विचारलं असतंस तरी घेऊच म्हटलं असतं."

त्या गेल्यावर बायको आतून म्हणाली, "आपल्या गॅलरीत नऊ बिऱ्हाडं आहेत. नऊही घरं तिथी बघायला आपल्याच खुंटीवरच्या पंचांगाकडे येतात."

माझी एकोणचाळीस घरं डोळ्यांपुढून गेली. प्रत्येक दारात समई होती, निरांजन होतं, जोडलेले हात होते. माझी वही म्हणजे नुसती वास्तूची भीती लिहून काढलेली. त्या आकड्यावर कागद आला असता तर गठ्ठे माळा फोडून वर गेले असते. वही दुरुस्त करायला अजून तीन दिवस होते. खरं सांगतो, ते तीन दिवस मी मास्तरांची वही बिघडवण्यात घालवले.

"मास्तर," मी गोड आवाजात म्हणालो, "सकाळी बायका चुलीपाशी, पुरुष घाईत. खरं उत्तर हवं तर दिवेलागणीला जा. तेव्हा माणूस शांत असतो."

मास्तरांनी माझे हात हातात घेतले. "तुम्ही मला हे सांगताय, याचं मोल मी जाणतो."

मला जरा ओशाळं वाटलं, पण फार नाही. त्याच संध्याकाळी त्यांची फजिती बघायला मी लालबागपर्यंत त्यांच्या मागे गेलो. एका चाळीच्या जिन्याच्या पायथ्याशी, पाण्याच्या पिंपाआड, डास मारत उभा राहिलो. गिरणी सुटून माणसं नुकतीच परतली होती. वर जिन्याच्या तोंडाशीच एक खोली सताड उघडी होती. आत दहाबारा कोकणी गडी होते, आणि कोनाड्यात दिवा.

"पंचांग घेता का हो तुम्ही?" मास्तरांनी विचारलं.

"घेतंव, घेतंव," एकजण दिव्याला हात जोडत म्हणाला.

मी पिंपाआड आनंदाने मांडी थोपटली. पण मास्तर हलले नाहीत.

"सध्याचं कुठे आहे? जरा बघू?"

"ह्या खोलयेत नाय. खालच्या मुकादमाकडे आसा. तो वाचता, आमी आयकतंव. अख्ख्या माळ्याक एक पुरता."

मास्तर खाली उतरले. मी पिंपाला अधिकच चिकटलो. मुकादमाच्या दारात त्यांनी मान आत घालून खुंटीवरचं पंचांग पाहिलं आणि वहीत दोन ठिकाणी पेन्सिल टेकवली. एवढंसं काम, पण चेहरा असा की जणू लग्न ठरलं. माझा आनंद तिथेच थोडा आंबट झाला.

दहाव्या दिवशी संध्याकाळी आम्ही दोघे मालकांपुढे उभे राहिलो. मी स्टुलाच्या बाजूला, मुद्दाम. माझी वही मालकांनी आधीच चाळली होती. मग मास्तरांनी आपली उघडली.

"सकाळी विचारलं तेव्हा निम्म्याहून कमी लोक घेणार म्हणाले. संध्याकाळी विचारलं तेव्हा जवळजवळ सगळेच. तीच वस्ती, तसलीच माणसं, फक्त वेळ बदलली. म्हणजे उत्तरावर विसंबता येत नाही. पण प्रत्येक दारात मी खुंटीही बघत होतो. सात बिऱ्हाडांमागे कुठे एक पंचांग टांगलेलं दिसलं. खुंटी सकाळीही तेवढीच आणि संध्याकाळीही तेवढीच. मी आकडा खुंट्यांवरून काढलाय." मग ते माझ्याकडे वळले. "आणि मालक, याचं श्रेय यांना. संध्याकाळी जा असं यांनी सांगितलं नसतं तर होकारातली ही खोट मला कधीच कळली नसती. स्वतःच्या विरुद्ध जाणारी गोष्ट कोण सांगतो?"

माझ्या सापळ्याची त्यांनी शिडी केली होती आणि वर चढून मलाच हार घालत होते. हरणं मला एक वेळ चाललं असतं. त्या माणसाने माझे आभार मानणं मला सोसेना.

तेवढ्यात छापखान्याच्या गड्याने कंदील लावला. सगळ्यांचे हात जोडले गेले, मालकांचेही. हात तसेच ठेवून त्यांनी विचारलं, "ज्योतिषी, तुमच्या वहीत तर सगळी मुंबई पंचांग घेणार आहे. धरायचा का तुमचा आकडा?"

होय म्हटलं असतं तर मालक घोळात पडले असते. मनाने ते अजून थोडे माझ्या नाकाच्या बाजूचे होते. आवाजावरून मला ते कळत होतं. स्टूल माझ्या हाताशी होतं.

"नाही," मी म्हणालो.

मालक दचकले. गड्याने कंदिलाकडे बघून जीभ चावली. दिवेलागणीला मी आयुष्यात उच्चारलेलं ते एकच 'नाही', आणि वास्तूने ते लगेच ऐकलं असणार, कारण पुढे त्या छापखान्यात मला कुणी आकडा विचारला नाही. मास्तर स्टुलावर बसले. मी नक्कल करतो म्हणून मला दारोदार विक्रीला पाठवलं. मास्तर तर दर पौषात, आणखी काही सुचतंय का, म्हणून आदराने विचारत. मी त्यांना खरं काय ते आजतागायत सांगितलेलं नाही.

त्या वर्षी पाडवा झाल्यावर मी किल्ली मागून माळ्यावर चढलो. गठ्ठ्यांचा डोंगर दिसेल अशी फार आशा होती. कोपऱ्यात एकच लहानसा गठ्ठा होता. तो मी दोनदा मोजला.