ओमकारचा सेट आणि माझं बटण

माझा मुलगा ओमकार बत्तीस वर्षांचा आहे. खालापूरच्या एका कंपनीत इलेक्ट्रिशियन आहे आणि घरी आल्यावर जुने, दिव्यासारख्या काचेच्या व्हॉल्व्हचे रेडिओ सेट दुरुस्त करतो. गाणी ऐकायचे नव्हेत. परवाना काढलेले हौशी लोक ज्यावरून एकमेकांशी बोलतात, ते. भिसेगावात आमच्या घराला दोन खोल्या आणि आम्ही दोघंच. आतली खोली त्या सेटांनी भरली आहे.

सध्याचा सेट माथेरानच्या एका बंद पडलेल्या हॉटेलातून आला. वर मोटारींना बंदी, म्हणून धाऊ घोडेवाल्याच्या घोड्यावर लादून, गाड्या थांबतात त्या दस्तुरी नाक्यापर्यंत आणला. ओमकार वाटभर त्याला धरून चालत होता. धाऊ वैतागून म्हणाला, "माणूस जड असला तर उतरून चालतो तरी. ह्यो काय चालणार हाय?"

ओमकारने हे मला हसत सांगितलं. मला हसू आलं नाही. आधीच्या सेटने गेल्या वर्षी झटका देऊन त्याला भिंतीवर फेकलं होतं. प्लग काढलेला होता, तरी आतला कंडेन्सर वीज धरून होता. तळव्यावर भाजल्याची खूण अजून आहे. त्या दिवशी मी अट घातली, की मी बटणापाशी असेन तेव्हाच सेट चालू करायचा. त्याने ती पाळली. झटका बसलाच तर छातीतून जाऊ नये म्हणून तो एक हात खिशात ठेवून काम करतो आणि मी बोर्डावर बोट ठेवून उभी राहते. वर्षभरात मी कुठे मुक्कामाला गेलेली नाही. कशेळ्याच्या लग्नातूनसुद्धा जेवल्याबरोबर जीप पकडून परतले.

आता माझ्या मुलीचं, भाविकाचं, दुसरं बाळंतपण आलंय. पहिलं इथे झालं, हे सासरी, संगमनेरला. मी महिनाभर तरी यावं असं तिचं म्हणणं. तू परत येईपर्यंत चालू करणार नाही, असं ओमकार म्हणाला. तो खोटं बोलत नाही. पण सेट बोलायच्या बेतात आला होता, आणि रात्रपाळीहून आलेल्या माणसाचा मोह मी ओळखते.

म्हणून रविवारी तो भाजी आणायला गेल्यावर मी आत जाऊन सगळ्यांत मोठा व्हॉल्व्ह उपटला आणि टॉवेलात गुंडाळून माझ्या बॅगेत ठेवला. तो नसला की सेट बंदच.

आल्या आल्या त्याला रिकामी जागा दिसली. मी कबूल केलं. वाटलं, चिडेल. त्याने विचारलं, "आधी दांडी लावलीस का?"

आत हात घालण्याआधी कंडेन्सरला एक लाकडी दांडी टेकवायची असते. तिच्या टोकाच्या तारेतून उरलेली वीज जमिनीत जाते. वर्षभर मी ते बघत आले होते.

"नाही," मी म्हणाले.

"दोन्ही हातांनी काढलास?"

मी होकाराची मान हलवली. तो फरशीवरच बसला. म्हणाला, "सकाळी मी वीज उतरवली होती, म्हणून वाचलीस. विसरलो असतो तर, आई?"

संध्याकाळी त्याने खोलीला कुलूप घातलं. यापुढे मी आत पाऊल टाकायचं नाही आणि बटण तोच दाबणार, असं सांगितलं. व्हॉल्व्ह मी परत दिला. माझी अट तिथेच संपली. कुठल्या तोंडाने बोलणार?

काल त्याने आतून कडी लावून सेट चालू केला. दाराच्या फटीतून गुणगुण ऐकू आली. मी भाविकाला फोन करून कळवलं, की माझं येणं होत नाही.

"दादा बत्तीस वर्षांचा घोडा झालाय गं. बंद दाराबाहेर बसून तू काय करणार?" तिला रडू येत होतं.

घराचा मेन स्विच बाहेरच्या खोलीत, मीटरखाली आहे. फोन ठेवून मी खुर्ची तिथे ओढली. आत ओमकार सेटवरून कुणाला तरी हाका मारत होता. प्रत्येक हाकेनंतर तो उत्तराची वाट बघत गप्प व्हायचा, आणि तो गप्प झाला की मी स्विचवर हात ठेवून उभी राहायची.