आत्याचे चाळीस रुपये आणि दहा रिग्सडालर

मित्रमैत्रिणींनो, आज दुपारपासून मला आमच्या आत्याची फार आठवण येतेय.

चाकणच्या आमच्या कंपनीत डेन्मार्कहून एक वयस्कर इंजिनिअर आलेत. जेवताना त्यांनी मोबाइलवर एका जुन्या कागदाचा फोटो दाखवला. त्यांची खापरपणजी दुसऱ्याच्या शेतावर राबायची आणि तिचा वर्षाचा पगार होता दहा रिग्सडालर, म्हणजे त्यांच्याकडचं तेव्हाचं चलन.

मी लगेच विचारलं, "म्हणजे आजचे किती रुपये, सर?"

ते हसले. "तसं नाही कळत. तेवढ्यात तिला काय घेता आलं असतं, ते शोधायचं."

ते ऐकून मला आत्याचे चाळीस रुपये आठवले. पप्पा लातूरहून कामासाठी इकडे यायला निघाले, तेव्हा एकट्या राहणाऱ्या आत्याने, म्हणजे त्यांच्या अक्काने, त्यांना चाळीस रुपये दिले होते. आमच्याकडे कुणी हात आखडला की "आत्याचे चाळीस" म्हणून आम्ही हसतो.

दापोडीला घरी आल्या आल्या विचारलं, "पप्पा, तेव्हा चाळीस रुपयांत काय यायचं?"

"लई यायचं की! अक्काची महिन्याची ज्वारी यायची तेवढ्यात."

मी घरातली पहिली पदवीधर, आणि हा हिशोब मला आज कळला. त्या महिन्यात ती काय जेवली, हे विचारायला आता आत्या नाही.

तुमच्या घरी असं विचारायला अजून कुणी आहे का?