कॅलेंडरच्या फाइलीतलं श्री

आमच्या लोहाऱ्याच्या घरात एक जुना कॉम्प्युटर आहे आणि त्याच्यावर एक कॅलेंडर आहे. पडद्यावर महिन्याचं पान दिसतं आणि ठरल्या वेळेला घंटा वाजून मोठ्या अक्षरात एक वाक्य येतं, बास. त्याला ना बटणं, ना रंगीत चित्रं. काय सांगायचं ते एका साध्या फाइलीत लिहून ठेवायचं. एका ओळीत एक गोष्ट. आधी वेळ, मग वार, मग बरोबरचं चिन्ह, पुढं मजकूर. वाराच्या जागी चांदणी टाकली की ती गोष्ट रोजची. ओळीच्या आधी दोन उभ्या दोन आडव्या रेघांचं ते जाळीचं चिन्ह टाकलं की ती ओळ मशीन वाचतच नाही, ती आपल्या माहितीसाठी. एवढंच त्याचं शास्त्र. आणि एवढ्याशा शास्त्रावर मी माझा बाप घरात राखला होता, हे सांगितलं तर लोक हसतील. हसू देत. ज्याचं जळतं त्याला कळतं.

आप्पा एसटीत कंट्रोलर होते. तुळजापूरच्या स्टँडवर कितीतरी वर्षं त्यांनी गाड्या लावल्या आणि सोडल्या. कुठली गाडी कुठं लागणार, कधी हलणार, सगळं तोंडपाठ. मी नवऱ्याचं घर सोडून एक पिशवी घेऊन आले, तेव्हा दारात उभी राहून रडत होते. आप्पांनी का आलीस विचारलं नाही, कधी जाणार विचारलं नाही. "आत ये की गं माय, बाहेर का उभी?" एवढंच म्हणाले. त्या एका वाक्यावर मी आजवर जगले.

आई गेल्यावर त्यांना विसरायला होऊ लागलं. आधी चष्मा, मग जेवलो का नाही ते, मग गल्ली. एकदा बाजाराच्या दिवशी घरातून गेले ते सांजच्याला रस्त्याकडेच्या विहिरीच्या कठड्यावर बसलेले सापडले. पुण्याच्या थोरल्या भावाला हे कळलं आणि त्यानं फोनवरच निकाल लावला. "अजून एकदा असं झालं तर मी त्यांना घेऊन जाणार. माझ्या घरात जागा नाही, संस्थेत ठेवीन. तिथं नर्स असते." उंटावरून शेळ्या हाकायला काय लागतं! पण तो बोलतो ते करतो. आणि त्याचं सगळंच चुकीचं होतं असंही नाही. मी आठला जाते, जीपनं पाऊण तासावरच्या कॉलेजात क्लार्क आहे. नोकरी सोडली तर खायचं काय, आणि केली तर दिवसभर आप्पांना बघायचं कुणी?

म्हणून ते कॅलेंडर. कॉलेजातल्या कॉम्प्युटरच्या सरांनी घालून दिलं, फाइल मी लिहिली.

12:30 * = आप्पा, डबा उघडा आणि जेवा. हात धुवा.

09:30 * = आप्पा, तुम्ही रिटायर झालात. आज ड्युटी नाही. घरीच बसा.

अशा चौदा ओळी. आप्पांना तेव्हा बऱ्यापैकी कळत होतं. माझ्या शेजारी खुर्ची ओढून त्यांनी सगळी फाइल वाचली आणि खूश झाले. "हे तर टाइमटेबलच हाय की माय. येळ, वार अन् गाडी." जाळीच्या चिन्हाचं तेवढं त्यांना पटलं नाही. "जे वाचायचं न्हाय ते लिवायचं कशाला?" पण कीबोर्डवर मी मराठी अक्षरं चिकटवली होती, त्यावर एका बोटानं ते टाइप करायला शिकले. घंटा वाजली की पडद्यासमोर उभे राहून मोठ्यानं वाचायचे आणि सांगितल्यासारखं करायचे. माझं ऐकायचे नाहीत, मशीनचं ऐकायचे. टाइमटेबल मोडायची सवयच नव्हती त्यांना.

त्या फाइलीची एक खोड मात्र सरांनी मला बजावून सांगितली होती. एक ओळ जरी रीत सोडून लिहिली गेली, तर ते मशीन तक्रार करत नाही, ओरडत नाही. गुपचूप सगळी फाइल बाजूला टाकतं आणि महिन्याचं कोरं पान दाखवत बसतं. आणि फाइल ते फक्त सुरू होताना वाचतं. म्हणजे आज केलेली चूक उद्या मशीन बंद होऊन चालू झालं की मगच भोवणार. मी म्हटलं, त्यात काय, फाइलीला हात लावणारी मी एकटीच. लई शहाणी समजत होते स्वतःला.

तो दिवस बुधवार होता. दुपारी एकच्या सुमाराला समोरच्या काकूंचा फोन आला. "अगं, तुमचं दार सताड उघडं हाय. आप्पा घरात न्हाईत. डबा तसाच हाय टेबलावर."

डबा तसाच, हे ऐकलं आणि मला सकाळची गोळी आठवली. सकाळी आठला मी स्वतः त्यांना साखरेच्या आजाराची गोळी दिली होती. गोळी पोटात आणि वर अन्नाचा कण नाही. कुठं चक्कर येऊन पडले असतील तर? मी पर्स उचलली, सांगायचंही भान राहिलं नाही, धावतच जीपच्या थांब्यावर आले. जीपवाला तंबाखू मळत उभा. "ताई, अजून चार शिटा होऊ द्या, मग निघू." मी त्याच्यावर अशी काही ओरडले की आजूबाजूची माणसं गोळा झाली. "अरे मुडद्या, माझा बाप हरवलाय आणि तू शिटा मोजतोस!" त्यानं तंबाखू फेकली आणि मला एकटीला घेऊन निघाला. त्याला मी नंतर हात जोडले, पण त्या वेळी मला कुणाचीच कीव नव्हती.

वाटेत देवीला म्हटलं, तू काय वाटेल ते घे, पण विहिरीकडं नको. आधी विहिरीवरच गेले. कठड्यावरून आत वाकून बघायचं धाडस होईना. जीपवाल्यानंच वाकून बघितलं आणि मान हलवली. तिथून आमच्या गावच्या स्टँडवर. पानटपरीवाल्यानं मला बघून लांबूनच हाक मारली. "कंट्रोलर साहेबांना शोधताय व्हय? साडेदहाच्या तुळजापूर गाडीत बसले की. म्या विचारलं कुठं निघालात, तर म्हणले ड्युटीवर चाललोय, उशीर झालाय."

ड्युटीवर! म्हणजे साडेनऊची घंटा वाजलीच नव्हती. मला तिथंच कळायला पाहिजे होतं, पण डोकं चालत नव्हतं. दोनची गाडी धरली. दीड तासाचा रस्ता. तेवढ्यात भावाचा फोन. काकूंनी त्यालाही कळवलं होतं. "सापडले का?" "नाही." मग म्हणाला, "सापडले तर रविवारी गाडी घेऊन येतो. त्यांचे कपडे भरून ठेव." सापडले तर! मी फोन बंद केला आणि पदर तोंडात धरून बसले. शेजारची बाई विचारत होती काय झालं, मी तिला फक्त गाडी कधी पोचते ते विचारलं.

तुळजापूरच्या स्टँडवर नेहमीसारखी सोलापूरच्या भाविकांची गर्दी, कपाळाला मळवट, हातात परड्या. त्या गर्दीत आप्पा मला दिसले. फलाटाच्या कडेला खांबाला धरून उभे, शर्ट घामानं ओला, हात थरथरत होता आणि त्याच हातानं ते लोकांना वाट दाखवत होते. "सोलापूर पलीकडं... लाइनीत चला, बाया-लेकरांना आधी चढू द्या." जीभ जड झाली होती. मी जाऊन दंडाला धरलं, बाकावर बसवलं. एका म्हाताऱ्या बाईनं काही न विचारता प्रसादाचा पेढा पुढं केला, मी तो त्यांच्या तोंडात घातला. मग दुसरा. मग टपरीवरून दुप्पट साखरेचा चहा. पाव तासानं हाताची थरथर थांबली. मी म्हटलं, "आप्पा, काय केलंत हे? जीव घ्याल का माझा?"

त्यांनी माझ्याकडं बघितलं. अगदी अदबीनं, जसं ते आयुष्यभर प्रवाशांकडं बघत आले, तसं. "अहो बाई, रडू नका. तुम्हाला कुठं जायचंय ते सांगा, गाडीत बसवून देतो."

ज्या बापानं मला जन्मात कधी अहो म्हटलं नाही, तो मला अहो म्हणाला. विहिरीच्या कठड्यावर मी जेवढी भ्याले नव्हते तेवढी तिथं भ्याले. मी म्हटलं, "लोहाऱ्याला जायचंय." ते उठले, मला गाडीपर्यंत घेऊन आले, खिडकीची जागा दिली. खाली उतरायला लागले तेव्हा मी हात सोडला नाही. "सोबत चला," म्हटलं, "मला एकटीला भीती वाटते." हे खरंच होतं. परक्या बाईची अडचण समजून ते शेजारी बसले आणि सगळ्या वाटेत मला लेकरं किती, गाव कुठलं असं विचारत आले.

घरी आलो. गरम भात-वरण खाऊन ते झोपले. सात वाजले असतील. मग मी मशीनकडं वळले. पडद्यावर कोरं पान. माझा तोल गेला. टेबलावर बुक्की मारली, तोंडाला येतील त्या शिव्या दिल्या त्याला. काकू म्हणाल्या होत्या की सकाळी नऊच्या आसपास लाइट जाऊन आली. म्हणजे मशीन बंद होऊन चालू झालं, फाइल वाचायला गेलं आणि कुठल्या तरी ओळीवर अडलं. कुठल्या? मी फाइल उघडली.

सगळ्यात वर, पहिल्याच ओळीवर, मधोमध लिहिलं होतं: ॥ श्री ॥

हे काम कुणाचं ते विचारायची गरज नव्हती. आमच्या आप्पांनी आयुष्यात श्री घातल्याशिवाय कागदावर शाई टेकवली नाही. किराण्याची यादी असो, रजेचा अर्ज असो, वर श्री. एकदा तर डासांच्या तक्रारीच्या अर्जावर श्री घातलं म्हणून आई हसली होती. मंगळवारी संध्याकाळी मी भाकरी थापत होते, तेव्हा ते पडद्यासमोर बसले होते खरे. मला वाटलं, महिना बघतायत. एका बोटाची टकटक मला ऐकू येत होती आणि मी तिकडं लक्ष दिलं नाही. मशीनला श्री कुठं कळायला! त्यात ना वेळ, ना वार. सगळी फाइल फेकून दिली त्यानं, आणि तिच्याबरोबर माझ्या बापालाही रस्त्यावर.

मला राग आला. खोटं कशाला बोलू, झोपलेल्या म्हाताऱ्याला उठवून विचारावं वाटलं, कशाला हात लावलात, आता रविवारी कोण थांबवणार त्याला? पण नुसतं श्री घालण्यासाठी कुणी फाइल उघडत नाही. काहीतरी लिहायचं असतं म्हणून श्री घालतात. मी खाली खाली गेले. माझ्या चौदा ओळी संपल्या. त्यांच्या खाली दोन ओळी माझ्या नव्हत्या.

18:00 * = सहाच्या जीपनं येते ती माझी लेक. तिला अहो म्हणू नये. तिच्या मनाला लई लागंल.

10:00 रवि = पुण्याहून फोन येतो तो थोरला. तापट हाय पण आपलाच हाय.

वेळ, वार, बरोबरचं चिन्ह, मजकूर. एक खूणही चुकली नव्हती. म्हणजे मला अहो म्हणायला लागण्याच्या आधीच त्यांना कळलं होतं, की एक दिवस लेकीचीही ओळख पुसणार. किती दिवस एकटेच ते ओझं घेऊन बसले होते, कुणास ठाऊक. विसरायच्या आत लिहून ठेवावं म्हणून बसले, आणि चांगल्या कामाची सुरुवात म्हणून वर श्री घातलं. मी कीबोर्डवर डोकं टेकून मनसोक्त रडले.

मग भावाला फोन लावला. तो लगेच म्हणाला, "कपडे भरलेस का?" मी त्या दोन ओळी वाचून दाखवल्या. दुसरी ओळ त्यानं परत वाचायला लावली. "तापट लिहिलंय?" "व्हय." "रविवारी येतो," तो म्हणाला, "दहाच्या आत पोचतो. नुसता भेटायला." पुढं काय ते त्यालाही माहीत नाही आणि मलाही. महिनाभर बघू, एवढंच ठरलं.

श्री मी खोडलं नाही. माझा हातच धजावला नाही. त्याच्या आधी जाळीचं चिन्ह टाकलं, म्हणजे मशीन त्याच्यावरून पुढं जातं आणि माणसाला तेवढं दिसतं. मशीन बंद करून चालू केलं. घंटा वाजते का ते दोनदा तपासलं.

दुसऱ्या दिवशी मी रजा काढायला हवी होती, पण रजा संपल्या होत्या. दुपारभर काकू येऊन बसल्या. संध्याकाळी जीप पाच मिनिटं लवकर आली. मी दारापर्यंत गेले आणि पायरीवर थांबले. आत जायचं धाडस होईना. आत गेले आणि ते अहो म्हणाले तर? मग आतून घंटा वाजली. खुर्ची सरकली. आप्पा एकेक अक्षर लावत मोठ्यानं वाचू लागले, "सहाच्या... जीपनं... येते ती..." पुढचं त्यांनी मनात वाचलं असावं. थोडा वेळ गेला. दार उघडलं.

"आत ये की गं माय," ते म्हणाले, "बाहेर का उभी?"

त्याला आता तीन आठवडे झाले. जीप लवकर आली तरी मी लवकर घरी जात नाही. कोपऱ्यावरच्या लिंबाखाली उभी राहते आणि सहा वाजू देते.