मुक्या पडद्यावरचा इशारा

तडतडेमामा हे काही त्यांचं खरं नाव नव्हे, पण इस्पितळात दुसरं नाव कोणी घेत नसे. फिजिओथेरपी विभागात मालिश करणारा हा आंधळा माणूस कुणाचा हात धरत नसे आणि कुणाचं ऐकूनही घेत नसे. कोणत्या खाटेवर कोणाचा गुडघा, टाके कुठे, हात कुठे लावायचा नाही, हे इस्पितळाच्या ॲपवर यायचं आणि फोन ते त्यांच्या कानात वाचायचा. आवाज पत्र्याचा, वेग असा की शेजारच्याला नुसती भुणभुण ऐकू यावी. मामांना शब्द न् शब्द कळे. त्याआधीची कितीतरी वर्षं त्यांनी ‘सिस्टर, जरा वाचता का?’ करत काढली होती. ते आठवलं तरी त्यांच्या अंगाची लाही होई.

मग फोनच्या कंपनीला अवदसा आठवली. एका सकाळी फोनची सिस्टिम आपली आपणच नवी झाली आणि पत्र्याच्या जागी एक मधाळ बाई येऊन बसली. सावकाश बोलली की लाडात यायची, वेग वाढवला की शब्दांचा लगदा. जुना आवाज परत मिळायची सोयच नाही!

मामांनी मेहुण्याला बोलावलं. तो मोबाईलच्या दुकानात कामाला होता.

“कंपनीचं कुलूप तोडलं की जुनी सिस्टिम टाकता येते, भावोजी,” तो म्हणाला.

“आणि नको वाटलं तर?”

“होतं तसं करून देतो. त्यात काय!”

त्याने तोडलं. पत्र्याचा आवाज परत आला. मामा इतके खूश की बायकोच्या हातचं जेवण चांगलं झालंय म्हणाले, आणि ती बिचारी घाबरली.

दुसऱ्या दिवशी ॲप उघडेना. त्याच लाडक्या पत्र्याच्या आवाजात फोनने सांगितलं, या फोनमध्ये बदल केलेला आहे, ॲप चालणार नाही. मेहुण्याने मुकाट्याने सगळं पूर्ववत केलं. कंपनीची सिस्टिम आली, कुलूप लागलं, मधाळ बाईही आली. ॲपचा हेका मात्र तोच.

“आत एक बारीक फ्यूज असतो,” मेहुणा चाचरत म्हणाला. “कुलूप तुटलं की तो जळतो. तो काही परत येत नाही, आणि ॲप तोच बघतं.”

“तुला ठाऊक होतं?”

“कुलूप तोडताना पडद्यावर आलं होतं तसं. पण असले इशारे नेहमीच येतात, भावोजी.”

“मग फोन बोलला का नाही?”

“तेव्हा सिस्टिम चालू नसते ना. त्या पडद्यावर आवाजच नसतो.”

“आवाज नव्हता, तुला तर तोंड होतं ना!” मामा ओरडले. “आयुष्यभर मी ह्याच्यासाठी भांडलो रे. जे लिहिलंय ते मला कळलं पाहिजे! आणि तू माझ्याशेजारी बसून ते वाचलंस आणि गिळलंस!”

तेलही गेलं, तूपही गेलं, हाती धुपाटणं आलं. मामांनी कंपनीला फोन लावला. पलीकडची मुलगी म्हणाली, कुलूप तुमच्या सुरक्षेसाठीच आहे.

“विकत मी घेतला, कुलूप तुमचं, किल्ली तुमची, आणि दार उघडलं म्हणून चोर मी? आणि इशारा देता तोही मुक्याने, आंधळ्याला?”

मुलीने तक्रार नोंदवली. इस्पितळाच्या साहेबांनी सोय करून दिली. नवा फोन मंजूर होईपर्यंत सिस्टर वाचून दाखवतील.

सिस्टर भली बाई. पोराला समजावतात तसं एकेक शब्द सोडवून वाचू लागली. “खाट... नववी... डावा...”

“भरभर वाचा! मी आंधळा आहे, मंद नाही!” मामा कडाडले.

ती रडकुंडीला आली, पण तिने भरभर वाचलं. मामांनी ते पाठ केलं आणि कामाला लागले.

पुढच्या दिवशी सिस्टर रजेवर होती. वाचायला कुणालाच फुरसत नव्हती. तेलाची बाटली मांडीवर घेऊन तडतडेमामा दुपारपर्यंत वॉर्डाबाहेरच्या बाकावर बसून राहिले, आणि येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येक पावलाला हळू आवाजात विचारत राहिले, “जरा वाचता का?”