विळा हातात देताना

बालगुन्हेगारांसाठी असलेली आमची शेतीशाळा बंद होऊन बरीच वर्षं झाली. परवा सहज तिकडे गेलो, तर पडीक शेताच्या बांधावर एक म्हातारे गृहस्थ मूठभर माती हातात घेऊन बसले होते. मी इथं शिक्षक होतो म्हटल्यावर ते म्हणाले, "मी तुमच्या आधीचा. चौदाव्या वर्षी एकाला सुरा मारून इथं आलो होतो."

पहिल्याच दिवशी शेतीच्या गुरुजींनी त्यांच्या हातात धारदार विळा दिला. "गवत काप," एवढंच म्हणाले आणि स्वतः दोन हात पुढे, पाठमोरे, कापायला बसले.

"भीती नाही वाटली गुरुजींना?" मी विचारलं.

"वाटली असणार. मान घामानं भिजली होती. पण वळून पाहिलं नाही त्यांनी. घरात आईसुद्धा तेव्हा माझ्याकडे पाठ करून बसत नव्हती."

ते गेल्यावर मी बांधावर त्यांच्या जागी बसलो. त्याच शेतात मी वीस वर्षं मुलांना शिकवलं. त्यांच्यावर माझी माया होती. कितीतरी नावं अजून आठवतात. पण विळे वाटून झाले, की मी नेहमी मुलांकडे तोंड करूनच उभा राहायचो.